अण्णांची वही आणि चालणारा सात

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्रलेखक ३४ वर्षांचे, हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत. वडील, घरात त्यांना अण्णा म्हणतात, एसटीचे निवृत्त कंडक्टर. मिरजेत एकटेच राहतात, आई तीन वर्षांपूर्वी गेल्या. अण्णांना लॉटरीचा नाद जुना, पण बेताचा होता. आठवड्याला दोन तिकिटं, बास. २००४पासून एका साप्ताहिक सोडतीचे पहिल्या बक्षिसाचे नंबर ते एका लांब वहीत उतरवतात. लॉकडाऊनचे आणि आईंच्या आजारपणाचे महिने सोडले तर वहीत खंड नाही, १,०४० ओळी झाल्या आहेत. गेल्या दिवाळीत ते मुलाला म्हणाले, "एवढं एआय एआय करताय, मग ह्या वहीतनं पुढचा आकडा काढून दे की." मुलानं गंमत म्हणून वही टाइप केली, एक प्रोग्राम लिहिला आणि दर शनिवारी पाच 'शेवट', म्हणजे नंबराचे अखेरचे दोन आकडे, काढून द्यायला लागला. चौदाव्या आठवड्यात एक शेवट जुळला. बक्षीस शून्य, कारण त्या सोडतीत निदान चार आकडे जुळावे लागतात. तरी अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. आता आठवड्याला दीड हजारांची तिकिटं येतात, शिवाय टेलिग्रामवरच्या एका 'एआय व्हीआयपी' गटाला महिन्याला ९९९ रुपये जातात. पत्रलेखक विचारतात: "यातून खरंच काही निघू शकतं का? नसेल तर अण्णांना कसं सांगू? गेल्या तीन वर्षांत ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते, जेवढं या आकड्यांवरून बोलतात."

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात दीड हजार रुपये डोळ्यांत भरले. दुसऱ्या वाचनात पेढे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पण तुम्ही इंजिनिअर आहात आणि तरीही विचारताय, म्हणजे कुठेतरी पाल चुकचुकली आहे. म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही लिहिलंय की वहीत शेवटच्या घरात ७ हा आकडा ११९ वेळा आलाय आणि ३ फक्त ८८ वेळा. अण्णांच्या भाषेत सात 'चालतोय' आणि तीन 'थकलाय'. आता १,०४० सोडतींत प्रत्येक आकड्याच्या वाट्याला सरासरी १०४ येतात. पण सरासरी म्हणजे रेशनचं वाटप नव्हे, की प्रत्येकाला मोजून तेवढंच. निव्वळ नशिबानं त्यात वीसेकाचा फरक इकडे किंवा तिकडे पडणं अगदी नेहमीचं. ८५ ते १२३ या पट्ट्यात काहीही आलं तरी भुवई उंचावायचं कारण नाही. उलट दहाही आकडे बरोबर १०४-१०४ वेळा आले असते तर मी म्हटलं असतं, वहीत कुणीतरी हात मारलाय.

आणि एक गंमत तुमच्या लक्षात आली का? अण्णा सात लावतात कारण तो वारंवार येतो, आणि तीन लावतात कारण तो येतच नाही. दोन्ही शास्त्रं एकाच वहीत सुखानं नांदतात. ही काही अण्णांची खोड नाही. 'चालणारा' आणि 'थकलेला' ही मटक्याच्या चार्टवाल्यांची, म्हणजे मागच्या आकड्यांचे तक्ते मांडणाऱ्यांची, जुनी भाषा आहे. मटक्याचा आकडा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवरून निघायचा, तेव्हाही आपली माणसं चार्ट मांडून बसायची. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघायला लागल्या तरी चार्ट सुटला नाही. लोकांना त्या मटक्यातून सोडवावं, या हेतूनं राज्य सरकारनं १९६९मध्ये स्वतःची लॉटरी काढली. चार्ट तिच्याही मागे आला.

थकलेल्या आकड्यानं काय होतं याचं सर्वांत कडू उदाहरण इटलीतलं आहे. तिथल्या लॉटरीत व्हेनिसच्या चक्रावर ५३ हा आकडा २००३च्या मे महिन्यापासून यायचा थांबला. महिने गेले, वर्ष गेलं. आता येणारच, आता आलाच पाहिजे, म्हणून लोकांनी घरं गहाण टाकली, आत्महत्या झाल्या. त्या एका आकड्यावर साडेतीन अब्ज युरोंच्या वर पैसा लागला. फेब्रुवारी २००५मध्ये, १८२ सोडती हुकल्यानंतर, ५३ आला. चक्राला ना कुणाची कीव आली होती, ना कुणाचं देणं फेडायचं होतं. मागच्या आठवड्यात आपण काय दिलं हे त्याला आठवतच नाही.

तुमचा प्रोग्राम कितीही हुशार असला तरी त्याला खायला मिळते ती फक्त आठवण. पावसाचा अंदाज त्यावरून बांधता येतो, कारण उद्याचं आभाळ आजच्या आभाळातूनच तयार होतं. पुढची सोडत मागच्या सोडतीतून तयार होत नाही. वहीत पुढच्या शनिवारची खबर मुळात नाहीच, मग ती काढणारं यंत्र एआय असो की पिंगळा असो.

"पण मग जुळला कसा?" या प्रश्नानं तुम्हाला झोप नाही असं दिसतं. हिशेब करू. शंभर शेवटांपैकी तुम्ही दर आठवड्याला पाच देता, म्हणजे जुळण्याची शक्यता पाच टक्के. असे चौदा आठवडे गेले की निदान एकदा जुळण्याची शक्यता ५१ टक्के होते. नाणं उडवण्याइतकी. तुमच्या जागी गल्लीतल्या चिमुरडीनं डब्यातून पाच-पाच चिठ्ठ्या काढल्या असत्या, तरी पेढ्यांची वेळ साधारण तेव्हाच आली असती.

तुम्ही चॅटजीपीटीलाही विचारून पाहिलंत आणि त्यानं कारणांसकट पाच नंबर दिले, असं पुढे लिहिलंय. ते भाषेचं यंत्र आहे. लॉटरीचा नंबर मागणाऱ्याला उत्तर कसं दिलं जातं, ते कसं दिसतं, हे त्याला फार छान ठाऊक आहे. तसं दिसणारं उत्तर ते देतं. नवा संवाद उघडून तोच प्रश्न पुन्हा विचारा. नंबर बहुधा वेगळे येतील, आत्मविश्वास मात्र तोच राहील.

अण्णांनी तुम्हाला पाठवलेला तो व्हिडिओ मात्र खोटा नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका बाईंनी सप्टेंबर २०२५मध्ये पॉवरबॉल या तिथल्या लॉटरीचे नंबर चॅटजीपीटीकडून घेतले आणि त्यांना दीड लाख डॉलर लागले. सगळे दानही करून टाकले. पण त्यांना लागलं ते मोठं बक्षीस नव्हतं. त्यांचे जेवढे आकडे जुळले तेवढे जुळण्याची शक्यता साधारण ९ लाख १३ हजारांत एक असते, आणि त्या लॉटरीची तिकिटं एकेका सोडतीला लाखोंनी, कधी कोटींनी खपतात. म्हणजे कुणाचे ना कुणाचे जुळतातच. कुणी नंबर नातवाच्या वाढदिवसावरून घेतलेला असतो, कुणी स्वप्नावरून, कुणी मोबाइलवरून. ज्यांना मोबाइलनं सपशेल बुडवलं त्यांच्यावर व्हिडिओ कोण काढणार?

याच पॉवरबॉलचा आणखी एक किस्सा मला फार आवडतो. मार्च २००५मध्ये दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस एकदम ११० जणांना लागलं. अधिकाऱ्यांना घोटाळ्याचा वास आला. चौकशीत निघालं ते असं: चिनी हॉटेलांत जेवणानंतर एक बिस्किट देतात, त्यात भविष्याची चिठ्ठी असते, आणि एका कारखान्यानं एकच नंबर छापलेल्या चिठ्ठ्या देशभर पाठवल्या होत्या. बिस्किटाला भविष्य कळत होतं असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. बिस्किट बोलत नव्हतं म्हणून असेल.

लॉटरीवर मात करणारी माणसं झालीच नाहीत का? झाली, आणि अण्णांना ती जरूर सांगा, त्यांना मजा येईल. स्टेफान मँडेल या मूळच्या रुमानियन अर्थतज्ज्ञानं १९९२मध्ये व्हर्जिनियाच्या लॉटरीला गाठलं. ४४ पैकी ६ आकडे निवडायचे, म्हणजे एकूण ७०,५९,०५२ शक्यता. तिकीट एक डॉलर, आणि बक्षीस साचत साचत २ कोटी ७० लाख डॉलरवर गेलेलं. त्याच्या गटानं जमतील तितकी, लाखो तिकिटं विकत घेतली आणि बक्षीस नेलं. टोरंटोच्या मोहन श्रीवास्तव या संख्याशास्त्रज्ञानं २००३मध्ये खरवडायच्या तिकिटांवर छापलेल्या उघड्या आकड्यांतच आतल्या बक्षिसाची खूण दडलेली पकडली, आणि सरळ लॉटरीवाल्यांना कळवून टाकलं. तिसरा एडी टिप्टन. तो अमेरिकेत लॉटरीच्या संगणकांच्या सुरक्षेचाच अधिकारी. त्यानं नंबर काढणाऱ्या प्रोग्राममध्ये आपली पाचर मारून ठेवली आणि २०१७मध्ये २५ वर्षांपर्यंतची शिक्षा ओढवून घेतली. एकानं जमतील तितकी तिकिटं विकत घेतली, दुसऱ्याला छपाईतली चूक सापडली, तिसऱ्यानं चोरी केली. पुढचा नंबर वहीतून ओळखणारा यांत एकही नाही.

आपल्याकडच्या कागदी तिकिटात तर नंबर निवडायची सोयही धड नसते. स्टॉलवर लटकलेल्या माळेत जे असेल त्यातून घ्यायचं. तुमचे पाच शेवट हातात घेऊन अण्णा स्टँडपासून बाजारापर्यंत चार स्टॉल पालथे घालतात, असं तुम्ही वैतागून लिहिलंय. मी त्याकडे जरा वेगळं पाहिलं. आई गेल्यापासून हा माणूस दुपारी कुठे जात होता?

इथून पुढे मला तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाशी भांडायचंय. तुम्ही धरून चालला आहात की अण्णांना गणित कळत नाही, म्हणून ते फसलेत. गणित कळलं की सुटतील. अहो, ते कंडक्टर होते. तीसेक वर्षं रोज रात्री डेपोत उतरून तिकिटं मोजायची, वेबिल, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, भरायचं, रोख जुळवायची. पाच रुपये कमी आले तर शोधायचे, कारण पाच रुपये हवेत विरत नाहीत. कुठेतरी चूक असते आणि ती नीट बसलं की सापडते. तिकिटांचे क्रमांकही कसे, एकामागून एक, एकही न हुकता. आकडे जुळतातच, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलंय. त्यांच्या आयुष्यात ते खरंही होतं. लॉटरीची वही ही त्यांना न जुळलेल्या वेबिलासारखी दिसते. त्यांना अडाणी समजून समजावायला जाल तर ते वही मिटतील आणि तुमच्याशी बोलणंही मिटेल.

मग करायचं काय? एक वाट अशी, की आजच सगळं बंद: प्रोग्राम पुसायचा, अण्णांना चार आकडेवाऱ्या ऐकवायच्या. सरळ आहे, पण दीड हजारांची तिकिटं तरीही येतील, फक्त नंबर आता पूर्णपणे त्या टेलिग्रामवाल्याचे असतील. दुसरी वाट, चालू ठेवायचं, 'म्हातारपणी तेवढाच विरंगुळा' म्हणत. ही वाट तुम्हाला गोड वाटतेय, कारण शनिवारचं बोलणं टिकतं. पण खरं सांगू? अण्णांचा विश्वास एआयवर बसलेला नाही. तो तुमच्यावर बसलाय. दोन तिकिटांची दीड हजारांची तिकिटं झाली ती 'माझ्या पोरानं काढलाय' म्हणून. तेव्हा पुढचे पाच शेवट देऊ नका. एकदाही नाही, 'हे शेवटचंच' म्हणूनही नाही.

वही मात्र सोडू नका. एक संध्याकाळ काढा आणि एक फूटपट्टी घ्या. वहीतलं कुठलंही जुनं पान उघडा, निकालाची ओळ पट्टीखाली झाका, आणि अण्णांना त्यांच्या पद्धतीनं, वरच्या ओळी बघून, झाकलेल्या नंबराचा फक्त शेवटचा आकडा ओळखायला सांगा. मग पट्टी सरकवा. बरोबर आला तर शेंगदाणा एका वाटीत, चुकला तर दुसऱ्या. शंभर ओळी करा. तुमच्या प्रोग्रामलाही त्याच ओळी, फक्त वरच्याच माहितीवर, ओळखायला लावा. सुरू करण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून दोघांनी सह्या करा: शंभरात पाच ते पंधरा बरोबर आले तर ते नशीब. हे आधी लिहिणं फार महत्त्वाचं, कारण अण्णांचे चौदा आले आणि प्रोग्रामचे आठ, तर "बघ, मी तुझ्या मशिनपेक्षा पुढं" असं ते म्हणणारच. म्हणू देत. पण कागद पुढे ठेवा. हिशेबाला पक्का माणूस स्वतःच्या सहीला मागे फिरत नाही. तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि स्वतःच्या वाटीत मोजलेलं, यांत फरक पडतो.

तिकीट घेणं अजिबात बंद करायला सांगू नका. पूर्वीची दोन तिकिटं त्यांनी खुशाल घ्यावीत. आठवडाभर मनात मांडे खायचे तेवढे पैसे, नाटकाच्या तिकिटासारखे. त्यावरचे जे काही आहेत त्यांचा हिशेब मात्र त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहायला लावा: तारीख, गेले, आले. राज्य ही लॉटरी उत्पन्नासाठी चालवतं, म्हणजे विक्रीतून जमतं त्याहून कमीच बक्षिसांत परत जातं. हे वाक्य त्यांना पटवत बसू नका. मागचं पान पटवेल.

टेलिग्रामच्या गटाबद्दल मला मुळीच मऊ बोलायचं नाही. त्यांचा खेळ कसा चालतो ते अण्णांना कागदावर काढून दाखवा. दहा हजार लोकांचे दहा भाग करायचे, प्रत्येक भागाला वेगळा शेवटचा आकडा पाठवायचा. एका हजाराला तो बरोबर लागतो. त्या हजारांचे पुन्हा दहा भाग. मग शंभरांचे. तिसऱ्या फेरीनंतर दहा माणसं अशी उरतात ज्यांना लागोपाठ तीनदा अचूक आकडा मिळालेला असतो, आणि ती शपथेवर सांगतात की यांच्याकडे काहीतरी आहे. वर्गणी आणि साक्षीपुरावे त्यांच्याकडूनच येतात. इथे एआय नावाला आहे. पूर्वी हेच लोक 'बाबांचा आशीर्वाद' लिहायचे.

अशाच घरांतली आणखी पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी थोडकं. बक्षीस लागलंय पण ते मिळायला आधी कर, फी किंवा अनामत भरा, असं सांगणारा प्रत्येक जण लुबाडणारा आहे. 'केबीसी'च्या नावानं २५ लाखांचे असे निरोप वर्षानुवर्षं फिरताहेत. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, तेव्हा 'सरकारमान्य ॲप' म्हणून कुणी काही दाखवलं तर हात जोडा. आणि घरातलं माणूस खोटं बोलून पैसे मागायला लागलं, दागिना गहाण ठेवायला लागलं, हरलेलं भरून काढायला दुप्पट लावायला लागलं, तर मग पट्टी आणि शेंगदाणे पुरणार नाहीत. तो आजार आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तुमचे अण्णा त्या टोकाला आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. पण पेन्शन कुठे जाते यावर लक्ष ठेवा. एसटीच्या निवृत्तांची पेन्शन किती तुटपुंजी असते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

राहिलं शनिवारचं बोलणं. तुम्ही लिहिता, आकडे सोडले तर आमच्यात विषयच उरणार नाही. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. वहीत खंड नाही म्हणालात, फक्त लॉकडाऊनचे आणि आई आजारी असतानाचे महिने सोडून. ती ओळ तुम्ही माहिती म्हणून लिहून पुढे गेलात.

या शनिवारी मिरजेला गेलात की लॅपटॉप पिशवीतच राहू दे. वही मागून घ्या. शेवटच्या पानांवर ती कोरी जागा असेल, नाहीतर दोन तारखांमध्ये एकदम मोठी उडी असेल. त्या उडीवर बोट ठेवा आणि अण्णांना विचारा, त्या दिवसांत तिकीट घेत होतात का. मग घाई करू नका. चहा ते ठेवतील.